स्वाध्याय पुस्तिका कोणत्या कागदावर छापाव्यात? नवा, पुनर्वापराचा आणि बगॅसचा (ऊसाच्या चिपाडाचा)

पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं कोणत्या कागदावर छापायची, हे सोलापुरात ठरत नाही. त्यांच्या श्रेयनामावलीच्या पानावर '७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह' असं छापलेलंच असतं (जी.एस.एम. म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, क्रीमवोव्ह हा छपाईचा साधा, किंचित पिवळसर कागद). पण शाळेची स्वाध्याय पुस्तिका, ज्युनिअर कॉलेजचं प्रॅक्टिकल जर्नल, विद्यापीठाच्या परीक्षेसाठीचे प्रश्नसंच, इथल्या प्रकाशकांची कॉलेजची क्रमिक पुस्तकं, या सगळ्याचा कागद आपल्याच हातात असतो. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमांच्याही शाळा असलेल्या या शहरात असं साहित्य दरवर्षी भरपूर छापलं जातं. त्यातलं बरंचसं पुनर्वापराच्या कागदावर यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सगळंच मात्र नाही.

लाकडी लगद्याचा नवा मॅपलिथो, म्हणजे गुळगुळीत पांढरा छपाईचा कागद, हा छपाईवाल्यांचा आवडता. रंग उठून दिसतात, मशीनवर त्रास देत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. जीवशास्त्राच्या रंगीत आकृत्या किंवा ग्रंथालयात दहा वर्षं हाताळलं जाणारं संदर्भपुस्तक असेल, तर मी हाच घेईन. 'नवा कागद म्हणजे जंगलतोड' हेही सरसकट खरं नाही. आपल्याकडच्या गिरण्यांना लागणारं बरंचसं लाकूड शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी, सुरूचं असतं. खरा फरक पडतो तो पाणी, वीज आणि रसायनांत. लाकडातून तंतू सोडवायला ती जास्त लागतात. रद्दीत ते तंतू आधीच सुटे झालेले असतात. उजनीचं पाणी काही दिवसांआड नळाला येणाऱ्या गावाला पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पुनर्वापराच्या कागदासाठी रद्दी पाण्यात घुसळतात, साबणासारखं द्रव्य घालून हवा सोडतात. शाई बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि फेसाबरोबर काढून टाकतात. दर फेरीत तंतू आखूड होतात, म्हणून हा कागद घडीवर लवकर तुटतो. पण त्याच बारीक तंतूंमुळे तो अपारदर्शक असतो, मागची छपाई पुढे कमी दिसते. स्वाध्याय पुस्तिकेला नेमकं हेच हवं असतं. त्याची किंचित करडी झाक उन्हाच्या वर्गात डोळ्यांना पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा सुखाची वाटते. रंगीत चित्रं मात्र त्यावर मंद दिसतात. हलक्या प्रतीचा कागद असेल तर ऑफसेट मशीनच्या ब्लँकेटवर (कागदावर शाई उमटवणाऱ्या रबरी पत्र्यावर) धूळ साचते आणि ते पुसायला मशीन थांबवावं लागतं. छपाईवाले नाखूश असतात ते यामुळे, आणि त्यांची तक्रार खोटी नसते. शिवाय वर्तमानपत्रांची रद्दी जास्त असलेला कागद उजेडात पिवळा पडतो. ऑफिसच्या पांढऱ्या रद्दीपासून केलेला बराच टिकतो. स्वस्तच पडेल, असंही धरून चालू नका.

बगॅसचा कागद हा आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा विषय. इतके साखर कारखाने असताना ऊसाच्या चिपाडाचा कागद का नको, असं वाटणं साहजिक आहे. तमिळनाडूतला टीएनपीएल हा सरकारी कारखाना मुख्यतः बगॅसवरच उभा राहिला. हा कागद कडक, गुळगुळीत, हातात खुळखुळणारा. पण थोडा पारदर्शक आणि फाटायला नाजूक. आपल्याकडचं बगॅस बहुतेक बॉयलर आणि सहवीजनिर्मितीतच जळतं. मुख्य म्हणजे हा झाडाविना केलेला नवा कागद आहे, पुनर्वापराचा नव्हे. विक्रेते दोन्ही एकाच दमात 'इको' म्हणून विकतात, तिथं सावध राहा.

म्हणून मी पुस्तकाचं आयुष्य बघून ठरवेन. एका वर्षात लिहून भरणारं, जूनमध्ये रद्दीत जाणारं सगळं पुनर्वापराच्या कागदावर. एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाणारं क्रमिक पुस्तक नव्या किंवा चांगल्या बगॅसच्या कागदावर, शिलाई बांधणीत. असं पुस्तक तीन मुलांनी वापरलं, तर दोन पुस्तकांचा कागद मुळातच वाचतो. कुठल्याही पुनर्वापराहून हे चांगलं.

ऑर्डर देण्याआधी नमुन्याचे ताव मागवा. त्यावर जेल पेनने लिहा, शाई फुटते का बघा. पेन्सिलचं लिहिलेलं त्याच जागी तीन-चारदा खोडा. पृष्ठभाग लवेसारखा उठला तर तो कागद गणिताच्या पुस्तिकेला नको. कोपरा दोन्ही बाजूंनी घडी घालून बघा. रद्दीचं प्रमाण किती, आणि ती लोकांनी वापरलेली की गिरणीतली कातरणच पुन्हा घातलेली, हे लेखी घ्या. ७० जीएसएमवर मागचं काही दिसत नसेल तर ६० चाही नमुना बघा. ए-फोर आकाराची १६० पानी पुस्तिका ७० वर सुमारे ३५० ग्रॅम भरते, ६० वर ३००. पाच हजार प्रतींमागे पाव टन कागद वाचतो आणि दप्तरही हलकं होतं.

मुखपृष्ठाला प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, वॉर्निशवर भागवा. ते प्लास्टिक आणि पाठीवरचा गोंद पुढच्या फेरीत लगदा बिघडवतात. वर्षअखेरीस भरलेल्या पुस्तिका वर्गावर्गातून गोळा करून, मुखपृष्ठं फाडून, वर्तमानपत्रांत न मिसळता पांढरी रद्दी म्हणून वेगळ्या विका. आपल्या देशाला रद्दी परदेशातून मागवावी लागते, त्याचं एक कारण आपली रद्दी पुरेशी गोळा होत नाही आणि झाली तरी मिसळलेली असते. रद्दीवाल्याशी दर आधीच बोलून ठेवा. निवडलेल्या पांढऱ्या कागदाला तो सहसा जास्त देतो.