एका 'कळसा'साठी उघडलेला महाराष्ट्र शब्दकोश

य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ची परीक्षा अवघड शब्दापेक्षा रोजच्या तोंडातल्या शब्दावर घ्यावी, असे माझे मत आहे. त्यासाठी मी 'कळस' निवडला. 'निर्लज्जपणाचा कळस झाला' असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा देवळाचे शिखर डोळ्यांपुढे येतेच असे नाही. आणि हा शब्द मुळात पाण्याच्या भांड्याचा आहे, हे तर ध्यानीमनीही नसते.

मूळ संस्कृत शब्द 'कलश', म्हणजे घट. नागर शैलीच्या देवळात शिखराच्या माथ्यावर आवळ्यासारखा खाचांचा चपटा, गोल दगड बसवतात. त्याला आमलक म्हणतात, आणि त्याच्याही वर घटाच्या आकाराचा कळस चढवतात. तो सर्वांत शेवटी चढतो आणि सर्वांत उंच राहतो. पूर्णत्व आणि परमावधी या लाक्षणिक अर्थाच्या दोन्ही छटा मला इथूनच निघालेल्या दिसतात. संत बहिणाबाईंच्या नावे रूढ असलेल्या अभंगात वारकरी संप्रदायाची इमारत उभी राहते, ज्ञानदेव पाया रचतात, नामदेव आवार घालतात, एकनाथ खांब देतात आणि तुकोबा कळस होतात, तेव्हा पहिली छटा दिसते. आपल्या रागाच्या बोलण्यात येतो तो कळस दुसऱ्या छटेचा. भांडे मात्र भाषेतून गेलेले नाही. 'कलश' पूजेत राहिला, 'कळशी' पाणी भरत राहिली आणि 'काखेत कळसा नि गावाला वळसा' या म्हणीतला कळसा आजही घागरीच्याच कुळातला आहे.

असा प्रवास तपासायला हा कोश फार उपयोगी पडतो. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड आणि १९५० ची पुरवणी एवढा त्याचा पसारा आहे. शब्दाचे लिंग, क्रमांक घालून दिलेले अर्थ, वाक्प्रचार आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणे एकाच नोंदीत मिळतात. लाक्षणिक अर्थापुढे कंसात छापलेले 'ल.' हे एकच अक्षर मला अतिशय मोलाचे वाटते, कारण शब्द वस्तूवरून कल्पनेवर कुठे गेला ते त्या अक्षरापाशी कळते. उदाहरणाखाली 'ज्ञा.' आणि दोन आकडे दिसले की ज्ञानेश्वरीतला अध्याय आणि ओवी काढून मूळ संदर्भ स्वतः वाचता येतो.

उणीव सांगायची तर चौकोनी कंसातली व्युत्पत्ती त्रोटक असते. ज्याला शब्दाचे मूळच हवे आहे त्याने कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' सोबत ठेवावा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) नेमका आहे, पण अर्थ इंग्रजीत असल्यामुळे मराठी वाक्यातली छटा तिथे अनेकदा निसटते. दाते-कर्व्यांच्या कोशात जुने शुद्धलेखन असल्याने 'करणें' सारख्या अनुस्वारयुक्त रूपांची सवय करावी लागते, आणि संक्षेपांची यादी आधी वाचली नाही तर निम्मी नोंद कळत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य चाळता येतो. एक शब्द पटकन पाहायला ती सोय पुरेशी आहे. पण 'कळस' पाहताना शेजारच्या 'कळशी'वर आणि 'कळशा'वर नजर जावी, यासाठी मी छापील खंडच उघडतो.