पाणी शिरलं त्यानंतर घेतलेला रेडिओ

२५ जुलै २०२४ला पुण्यातल्या एकतानगरीत मुठा नदीचं पाणी शिरलं, तेव्हा आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती आणि दुपारपर्यंत दोन्ही मोबाईल बंद पडले. आईला १९६१ला पानशेत धरण फुटून आलेला पूर आठवला. त्याच आठवड्यात रेडिओ घ्यायला मी तपकीर गल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला.

दुकानदाराने आधी हँडल फिरवून चार्ज होणारा दाखवला. दिसायला छान, पण आतली बॅटरी बदलता येत नाही, आणि मिनिटभर गरागरा फिरवून जेमतेम दोन-तीन मिनिटं वाजला. नको म्हटलं. घेतला तो साधा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला. मीडियम वेव्ह हवंच. डोंगराआड एफएम अडतं, हे लांबवर पोचतं. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर. एलईडी दिव्यांमुळे खरखर येते, पण मीडियम वेव्हचा अँटेना संचाच्या आतच असतो, त्यामुळे अख्खा संच थोडा वळवला की आवाज स्वच्छ होतो.

काटा जरा ढिला आहे, म्हणून आईसाठी ७९२वर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. सेल मात्र वापर नसेल तेव्हा काढून शेजारी पिशवीत ठेवा. आत राहिले की पाझरतात. माझा जुना संच तसाच गेला.