अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग: पत्ता शोधण्यापासून आत बसण्यापर्यंत

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला 'एकदा ए.ए.ला जाऊन ये' असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले समूह. पण कोठे जायचे, कोणत्या वारी, किती वाजता आणि आत गेल्यावर नेमके काय होते, हे सांगणारा क्वचितच भेटतो. धाकट्या भावासोबत मुंबईच्या उपनगरांतील आणि पुण्यातील काही समूहांच्या खुल्या मीटिंगना बसल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. तेथे कोणी काय सांगितले यातले काहीही येथे येणार नाही. तो त्या खोलीचा नियम आहे आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे.

या सेवेची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे तिचा पत्ता लागणे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेली आणि १९५७ पासून भारतात रुजलेली ही चळवळ जाहिरात करून माणसे ओढत नाही, आणि सभासदांची ओळख गुप्त ठेवणे हा तर तिचा पायाच आहे. शिवाय बहुतेक समूहांकडे स्वतःची जागा नसते. शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल संध्याकाळपुरता मिळतो आणि परीक्षा, सुट्ट्या किंवा निवडणूक आली की वेळ किंवा जागा बदलते. त्यामुळे संकेतस्थळावरील पत्ता पाहून थेट निघू नये, आधी ए.ए.च्या हेल्पलाइनवर फोन करावा. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला सभासद असतो. तो उपदेश करत नाही. घर कोठे आहे, कामावरून किती वाजता सुटता, मराठी मीटिंग हवी की हिंदी किंवा इंग्रजी, एवढे विचारतो आणि पुष्कळदा नव्या माणसाला स्टेशनवर घ्यायला यायचीही तयारी दाखवतो. हा एक फोन म्हणजे शोधाचे निम्मे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे मीटिंग खुली आहे की बंद. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी असते. खुल्या मीटिंगला नातेवाईक बसू शकतात.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. प्रास्ताविक आणि शांतीची प्रार्थना झाल्यावर एकेक जण पुढे येऊन स्वतःचे नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. त्याला कोणी मध्ये तोडत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्लाही देत नाही. घरी, ऑफिसात आणि दवाखान्यात वर्षानुवर्षे फक्त बोलणी खाल्लेल्या माणसाला हे ऐकून घेणे किती मोठे वाटते, ते मी भावाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. नव्या माणसाने बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, शेवटी फिरवल्या जाणाऱ्या पिशवीत सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात आणि बाहेरच्यांची देणगी ही संघटना घेत नाही. माझ्या दृष्टीने या गोष्टीला फार मोल आहे, कारण व्यसनमुक्तीच्या नावावर भरमसाट पैसे उकळणारी ठिकाणे आपल्याकडे कमी नाहीत.

'परमेश्वर', 'उच्च शक्ती' हे शब्द बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या क्रमवार मार्गात, वारंवार येतात आणि श्रद्धा नसलेल्याला ते सुरुवातीला खटकतात. समूहागणिक यात बराच फरक पडतो. कोठे प्रार्थनेवर भर असतो, तर कोठे रोजच्या व्यवहारावर. म्हणून एका मीटिंगवरून मत बनवू नये, दोन-तीन वेगवेगळे समूह पाहावेत. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यातून दिसले. तेव्हा केवळ प्रार्थना खटकते म्हणून पाठ फिरवण्याआधी थोडे थांबावे.

मात्र मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र निवासी उपचारही करते आणि नंतरच्या पाठपुराव्याकडेही लक्ष देते.

स्त्रियांच्या बाबतीत माझी नाराजी आहे. आम्ही बसलो त्या मीटिंगना जवळजवळ सगळे पुरुषच होते, आणि स्वतः पिणारी बाई अशा वर्गात एकटी येऊन बसेल, ही अपेक्षाच अवघड आहे. तिने फोनवर स्त्री सभासदाशी बोलायचे आहे असे आवर्जून सांगावे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा समूह आहे आणि घरातला माणूस मीटिंगला यायला तयार नसला तरी आपण तेथे जाऊ शकतो. आमची आई भावाच्या आधी तेथे जाऊ लागली होती. ज्यांच्या गावात यांपैकी काहीच नाही, त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. तो निःशुल्क आहे.