झ्यूस पाहत राहिलो, काठ पाहिला नाही

गेल्या वर्षी एका नाणे-प्रदर्शनात साडेचौदा हजार रुपये मोजून मी अँटिअल्किडस राजाचे द्राख्म, म्हणजे ग्रीक पद्धतीचे चांदीचे नाणे, घेतले आणि ते बनावट निघाले. हा व्यवहार सविस्तर सांगण्याचे कारण असे की, विक्रेत्याला माझ्याशी फारसे खोटे बोलावेच लागले नाही. त्याचे बरेचसे काम माझ्याच वाचनाने केले.

अँटिअल्किडस हा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा, राजा. त्याचा राजदूत हेलिओडोरस याने विदिशेजवळ बेसनगरला गरुडस्तंभ उभारला. या राजाच्या द्राख्मावर एका बाजूस त्याची मुखाकृती व ग्रीक लेख असतो. दुसऱ्या बाजूस खरोष्ठी या प्राचीन लिपीतल्या लेखाच्या वेढ्यात सिंहासनावर बसलेला ग्रीकांचा देवराज झ्यूस, त्याच्या हातावर विजयदेवता नाइकी आणि शेजारी हत्ती असतो. ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या मंदिरासाठी शिल्पकार फिडियासने सोने व हस्तिदंत वापरून घडवलेला सुमारे १२ मीटर उंचीचा झ्यूसही असाच बसलेला होता, उजव्या हातात नाइकी आणि डाव्या हातात राजदंड घेऊन. ती मूर्ती कधीच नष्ट झाली. तिचे रूप आपल्याला मुख्यतः प्राचीन ग्रीक प्रवासी पॉसेनियसच्या वर्णनावरून आणि रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात एलिस या ग्रीक नगरराज्याने पाडलेल्या नाण्यांवरून कळते. त्या बैठकीशेजारी हत्ती आणून उभा करणाऱ्या इकडच्या कारागिराचे मला फार कौतुक आहे, आणि हे सारे कौतुक मी त्या टेबलापाशी उभा राहून बोलून दाखवले.

विक्रेत्याने शांतपणे भिंग पुढे केले. "काका, तुम्हीच वाचा, मला कुठे येते ही लिपी," असे तो म्हणाला. मी उजवीकडून डावीकडे 'महरजस जयधरस', म्हणजे 'विजयी महाराजाचे', एवढे वाचले आणि त्या क्षणी घासाघीस करण्याची इच्छाच संपली.

मी अगदीच गाफील होतो असे नाही. अशा द्राख्माचे वजन साधारण २.४ ग्रॅम असते. माझे तितकेच भरले. ओळखीच्या सराफाकडे टंच काढला, चांदी चोख निघाली. मात्र आजची चांदी वितळवूनही जुने नाणे करता येते आणि टंच धातूची शुद्धता सांगतो, त्याचे वय सांगत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा मला सुचली नाही.

चार महिन्यांनी एका संग्राहक मित्राने नवीन घेतलेले नाणे दाखवले, तेव्हा पोटात गोळा आला. तोच राजा, तोच झ्यूस, इथपर्यंत ठीक होते, कारण एका ठशावरून अनेक नाणी पाडली जात. पण हाताने ठोकून पाडलेल्या नाण्यांत प्रत्येकाचा काठ निराळा फाकतो आणि चित्र प्रत्येक वेळी थोडे वेगळ्या जागी बसते. इथे मात्र हत्तीच्या पाठीमागची काठावरची खाच, राजाच्या गालावरचा ओरखडा आणि अर्धे कापले गेलेले अक्षर, सगळे दोन्ही नाण्यांत तंतोतंत एकाच जागी होते. एका खऱ्या नाण्याचा साचा घेऊन दोन्ही ओतलेली होती. मग भिंगाखाली काठ पाहिला, तर साच्याच्या दोन भागांचा सांधा कानशीने घासल्याच्या समांतर रेघा होत्या, झ्यूसचा गुडघा आणि सिंहासन यांच्यामध्ये ओतकामातल्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे होती आणि अक्षरांच्या कडा झिजलेल्या साबणासारख्या गोलावल्या होत्या. हे सर्व पहिल्याच दिवशी त्याच भिंगातून दिसले असते. मी देवावरून नजर काढली नव्हती.

शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या कायद्यानुसार त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. तो मी विक्रेत्याकडे पाहायला मागितला नव्हता. पैसे परत मागायला गेलो तेव्हा विक्रेत्याने मला माझीच पावती वाचायला लावली. तिच्यावर राजाचे नाव नव्हते, काळ नव्हता, 'नाणे' हा शब्दसुद्धा नव्हता. लिहिले होते, 'चांदीचे पदक, एक नग'.