स्टॉक कार खरंच ‘स्टॉक’ करायची का? नॅसकारसमोरचे पर्याय शेजारी शेजारी ठेवून

आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो, कॉन्कर्डचा रेस ट्रॅक घरापासून अर्ध्या तासावर. मागच्या मे महिन्यात बाबा कोल्हापूरहून आलेले, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेला माणूस, त्यांना कोका-कोला ६०० बघायला घेऊन गेलो, ही नॅसकारची, म्हणजे इथल्या स्टॉक कार रेसिंगची, ६०० मैलांची रेस. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून येते तशीच गाडी, निदान नावाला. बाहेर फॅन झोनमध्ये टोयोटाची एक कॅम्री उभी होती, रेसची, आणि आम्ही घरून आलो होतो तेही आमच्या कॅम्रीतूनच, त्यामुळे बाबा मुद्दाम तिच्यापाशी थांबले. हेडलाईटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, आरं हा लाईट नाही, नुसता चिकटवलाय. मग दाराची फट शोधायला लागले. मी म्हटलं बाबा दार नसतं, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. त्यावर त्यांचा साधा प्रश्न, मग हिच्यात कॅम्रीचं आहे काय?

खरं उत्तर सांगायचं तर नाव आणि साधारण चेहरा. शोरूममध्ये मिळणारी आजची कॅम्री ही २.५ लिटर चार सिलिंडरची हायब्रिड, मूळची पुढच्या चाकांवर चालणारी. ट्रॅकवरची कॅम्री ५.८६ लिटर व्ही८, मागच्या चाकांवर चालणारी, पाइप वेल्ड करून केलेल्या सांगाड्यावर कंपोझिटची बॉडी. शेवरलेची कॅमॅरो तर २०२४ च्या मॉडेलनंतर बंदच झाली, पण रेसमध्ये अजून धावतेय. म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत आहे, म्हणूनच दर थोड्या दिवसांनी मागणी होते की नियम बदला, गाडी पुन्हा खऱ्या गाडीच्या जवळ आणा. ही मागणी मला मनापासून पटते, पण ‘जवळ’ म्हणजे किती जवळ यावर सगळं अवलंबून आहे. तुम्हाला यावर मत ठरवायचं असेल, कुठे सर्व्हे भरायचा असेल किंवा मित्राशी वाद घालायचा असेल, तर पर्याय नीट समोर ठेवून बघू.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट ठेवा, कारण बहुतेक वाद इथेच भरकटतात. फॅन्सच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक, गाडी आपल्या ओळखीची वाटत नाही. दुसरी, रेस बघायला मजा येत नाही, खासकरून मार्टिन्सविलसारख्या छोट्या ट्रॅकवर पुढच्याला ओव्हरटेकच करता येत नाही. प्रॉडक्शनचे नियम पहिल्या तक्रारीवर औषध आहेत, दुसरीवर नाहीत, उलट नीट केले नाहीत तर दुसरी वाढूही शकते.

पहिला पर्याय, आहे तेच ठेवा. २०२२ मध्ये नेक्स्ट जेन गाडी आली, तिचे बहुतेक पार्ट ठरलेल्या एकेका सप्लायरकडूनच घ्यायचे, चासी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं तेच, आणि तो पार्ट टीमने स्वतः बदलायचा नाही. बदलला तर काय होतं हे ड्रायव्हर ब्रॅड केसेलोव्स्कीच्या टीमने त्याच वर्षी बघितलं, १०० पॉइंट गेले. गंमत अशी की तांत्रिकदृष्ट्या ही गाडी जुन्यापेक्षा आपल्या रस्त्यावरच्या गाडीच्या जास्त जवळ आहे. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, १८ इंची अलॉय व्हील आलं, डावी-उजवी बाजू सारखी झाली, आधीच्या गाड्या तर ओव्हलसाठी, म्हणजे एकाच बाजूला वळणाऱ्या अंडाकृती ट्रॅकसाठी, वाकड्याच केलेल्या असायच्या. फायदा हा की शेवरले, फोर्ड आणि टोयोटा या तीनही कंपन्या बऱ्यापैकी बरोबरीत राहतात. तोटा हा की इंजिन ज्यावर चालतं ते तंत्र जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय, पुशरॉड व्ही८, म्हणजे दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं जुन्या पद्धतीचं इंजिन, फोर्ड आणि टोयोटाच्या रोजच्या गाड्यांत ते नाहीच, टोयोटाला तर नॅसकारमध्ये यायचं म्हणून तसलं इंजिन मुद्दाम बनवावं लागलं. उद्या एखादी नवीन कंपनी यायची म्हटली तर तिने शोरूममध्ये कधीच न विकायच्या इंजिनावर एवढा पैसा का घालावा, हा प्रश्न मला रास्त वाटतो. डॉज २०१२ मध्ये चॅम्पियन होऊनही कप सिरीजमधून, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सिरीजमधून, बाहेर पडली हे लक्षात ठेवा.

दुसरं टोक म्हणजे खरीखुरी गाडी, शोरूममधून उचला, आत ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा (केज) घाला, पळवा. सुरुवात तशीच झाली होती. १९ जून १९४९ ला शार्लट स्पीडवेच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर स्ट्रिक्टली स्टॉकची, म्हणजे आजच्या कप सिरीजच्या मूळ रूपाची, पहिली रेस झाली, लोक गाडी चालवत ट्रॅकवर यायचे आणि तीच पळवायचे. ली पेटीने तर कुणाची तरी उसनी आणलेली ब्युइक तिथे उलटी केली. आणि निकाल काय लागला बघा, ग्लेन डनवे १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला, तपासणीत मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या, चोरटी दारू वाहणारे लोक गाडी मागून बसू नये म्हणून करायचे तसल्या, त्याला बाद केलं आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजेता केलं. मालक कोर्टात गेला, कोर्टाने दावा फेटाळला. म्हणजे ‘स्टॉक’ शब्दावरचं भांडण अगदी पहिल्या दिवसापासूनचं आहे, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना वाटतं पूर्वी सगळं साधंसरळ होतं.

या पर्यायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, कप सिरीजसाठी नको. मोनोकॉक बॉडी, म्हणजे आपल्या गाडीचा पत्राच सांगाडा असतो तशी, भिंतीला तासाला २८०-२९० किलोमीटरने घासत, ४० गाड्यांच्या घोळक्यात, ५०० मैल. त्यासाठी ती बनलेलीच नाही. कुणी म्हणेल डेटोनाच्या २४ तासांच्या रेसमध्ये जीटी३ गाड्या, म्हणजे शोरूममधल्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या रेस गाड्या, नॅसकारच्याच त्या ३१ अंश कललेल्या वळणांवर पळतात की. पळतात, बरोबर, पण तिथे एकमेकांना बंपर लावून ढकलत कुणी जात नाही आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून तासन् तास राहत नाही. २००१ मध्ये ड्रायव्हर डेल अर्नहार्टचा त्याच डेटोनाला अपघातात मृत्यू झाला, आणि २०२० मध्ये रायन न्यूमनची गाडी तिथेच हवेत उलटून आपटली तरी तो दोन दिवसांत स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलमधून बाहेर आला, मधल्या १९ वर्षांत जे काम झालं ते बहुतेक गाडीचा सांगाडा, सीट, मानेचा पट्टा आणि ट्रॅकच्या मऊ भिंती यांवर झालं. ते पुसून टाकायचं नाही.

तरी सांगाडा एकच म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. २०२२ च्या त्या नव्या गाडीचा मागचा भाग इतका ताठ होता की मागून आपटल्यावर धक्का थेट ड्रायव्हरला बसायचा, पोकोनोला कर्ट बुशच्या डोक्याला मार बसला आणि त्याचं करिअरच तिथे संपल्यासारखं झालं, अॅलेक्स बोमनही काही रेस बाहेर बसला. पण सांगाडा सगळ्यांचा एकच होता म्हणून दुरुस्तीही सगळ्यांना एकदमच मिळाली, पुढच्या सीझनला मागचा भाग बदलून आला. प्रत्येक कंपनीची बॉडी वेगळी असती तर हीच दुरुस्ती तीनदा करावी लागली असती, आणि कोण आधी करतो यावर परत भांडण.

आता तिसरा पर्याय, होमोलोगेशन. म्हणजे गाडी रेसला आणायची तर आधी ठरावीक संख्येने लोकांना विका. ऐकायला हा सगळ्यात गोड वाटतो आणि माझ्यासकट अनेकांचा जीव याच्यात अडकलाय, कारण याच्यातून १९६९ ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड जन्मली, टोकदार नाक आणि डिक्कीवर जवळजवळ दोन फूट उंच विंग. चार्जर डेटोनाच्या वेळी ५०० गाड्या विकल्या की झालं, पुढच्या वर्षी नियम कडक झाला, दर दोन डीलरमागे एक गाडी, म्हणून सुपरबर्ड १९०० च्या वर बनवाव्या लागल्या. मार्च १९७० मध्ये बडी बेकरने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर टेस्टमध्ये तासाला २०० मैलांचा आकडा पार केला. आणि शोरूममध्ये? अनेक सुपरबर्ड डीलरकडे पडून राहिल्या, काहींनी तर नाक आणि विंग काढून साधी गाडी म्हणून विकल्या. पुढच्याच वर्षी नॅसकारने अशा गाड्यांच्या इंजिनाचा आकार इतका कमी केला की त्या संपल्याच. मुद्दा असा की होमोलोगेशनने रेसची गाडी शोरूमसारखी झाली नाही, शोरूमची गाडी रेससारखी करावी लागली, आणि ती लोकांना नको होती. आज तर एक मॉडेल क्रॅश टेस्ट, प्रदूषणाचे नियम सगळं पार करून विकायला वर्षं जातात, नुसत्या रेससाठी कोण करेल?

शिवाय मोकळीक दिली की एखादी गाडी बाकीच्यांना खाऊनच टाकते. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या मोठ्या रेसमध्ये १९९१ आणि १९९२ सलग दोन वर्षं निसानची स्कायलाइन जीटी-आर जिंकली, चारही चाकांना पॉवर आणि टर्बो, रस्त्यावरच्या गाडीवरच बेतलेली, नियमात बसणारी. लोकांनी विजेत्यांची हुर्यो उडवली आणि १९९३ पासून नियम बदलून फोर्ड-होल्डनच्या पाच लिटर व्ही८ चा खेळ केला. आपल्याकडे चाकणच्या पोलोवर बेतलेल्या गाड्यांची कप रेस फोक्सवॅगनने २०१० पासून चालवली, तिथे हा प्रश्नच आला नाही, कारण सगळ्यांची गाडी एकच. कंपन्या दोन झाल्या की घोडं अडतं.

ते अडलेलं घोडं पुढे ढकलायचा जगातला आजचा उपाय म्हणजे बीओपी, बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. जी गाडी जास्त पळते तिच्यात वजन टाका, हवा कमी करा, जी मागे आहे तिला थोडी सूट द्या. जीटी३ यावरच उभी आहे आणि तिथे डझनभर कंपन्या आहेत हेही खरं. पण मला हे नॅसकारमध्ये आलेलं बघवणार नाही, कारण मग दर सोमवारी चर्चा ड्रायव्हरची नाही, तर कुणाला किती किलो दिले याची.

म्हणून मी ज्या पर्यायाच्या बाजूने आहे तो चौथा. आतला सांगाडा एकच ठेवा, सुरक्षेचं काही बदलू नका, पण डोळ्याला दिसणारं आणि कानाला ऐकू येणारं शोरूममधलं असू द्या. छताची आणि काचांची रेषा, बोनेट, ग्रिल हे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या मापाचं. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड कंपनी सध्या विकतेय त्या इंजिनावर बेतलेलं, आतलं रेससाठी मजबूत केलेलं चालेल. आणि मॉडेल विकणं बंद झालं की एक-दोन सीझनमध्ये रेसमधूनही बंद. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स सिरीजने २०२३ मध्ये जवळपास हेच केलं, सारखी चासी, मस्टँगला ५.४ लिटरचं, फोर्डच्या कोयोट व्ही८ वर बेतलेलं ओव्हरहेड कॅमचं इंजिन आणि कॅमॅरोला ५.७ लिटरचं पुशरॉड. गाड्या देखण्या झाल्या. पण पहिलं अख्खं वर्ष बरोबरीच्या भांडणात गेलं, फोर्डवाले मागे पडले, सीझन चालू असतानाच मस्टँगच्या बॉडीत बदल झाले, शेवटी दोन्ही गाड्या समुद्र ओलांडून इथे आमच्या कॉन्कर्डच्याच विंड टनलमध्ये, म्हणजे जोराच्या वाऱ्यात गाडी तपासायच्या बोगद्यात, आणून तपासाव्या लागल्या. म्हणून मी म्हणतो विंड टनलची तपासणी आधी करा, रेस मग. नॅसकारकडे टनल दारात आहे, कॅमेऱ्यांनी बॉडी स्कॅन करायची सिस्टिम आहे, त्यांना हे ऑस्ट्रेलियापेक्षा सोपं जाईल.

टोयोटाची अडचण मात्र खरी आहे. कॅम्रीत व्ही८ नाहीच, मग एकतर त्यांना त्यांच्या दुसऱ्या कुठल्या गाडीचं इंजिन वापरायची परवानगी द्यावी लागेल किंवा कॅम्री सोडून दुसरं मॉडेल आणावं लागेल. मला परवानगी दिलेली चालेल, कंपनीचं असलं म्हणजे झालं. हायब्रिड चार सिलिंडर कप सिरीजमध्ये आत्ता आणा असं मी म्हणणार नाही, त्या व्ही८ चा आवाज छातीत बसतो तेव्हा बाबांसारख्या माणसाने कान झाकले नाहीत, डोळे मिटून उभे राहिले, ते मी बघितलंय.

आणि छोट्या ट्रॅकवरची रटाळ रेस? तिचा इलाज वेगळा आहे, पॉवर जास्त, ग्रिप कमी. २०२६ साठी दीड मैलापेक्षा छोट्या ट्रॅकवर ६७० ऐवजी ७५० हॉर्सपॉवर केली ती योग्य दिशा आहे. ती मागणी प्रॉडक्शनच्या मागणीत मिसळू नका, नाहीतर नवीन बॉडी येईल, रेस तशीच राहील आणि लोक म्हणतील बघा काही उपयोग झाला नाही.

तर ठरवताना असं बघा. तुम्हाला फक्त चुरशीची रेस हवी असेल तर आहे ती गाडी पॉवर वाढवून चालू द्या. भरपूर कंपन्या आणि खऱ्या गाड्या हव्या असतील आणि बीओपीची कटकट चालत असेल तर जीटी३ ऑलरेडी आहे, जानेवारीत डेटोनाला जाऊन बघा, पैसा वसूल. आणि माझ्यासारखी दोन्हीची हौस असेल तर चौथा पर्याय मागा, पण थेट कपमध्ये नाही, आधी खालच्या सिरीजमध्ये, पूर्वीची एक्सफिनिटी, २०२६ पासून ओरायली. तिथली चासी अजून जुन्याच वळणाची आहे, मागे सरळ अॅक्सल, चाकाला पाच नट, कधीतरी ती बदलावी लागणारच, तेव्हाच इंजिन आणि बॉडीचा हा प्रयोग करून घ्या, दोन सीझन पुरेत. आणि हेडलाईट खरा लावा, काच नको, पॉलिकार्बोनेट चालेल, पण बोट फिरवलं की कडा लागली पाहिजे.