सांगलीतलं ‘लसीनंतरचं हृदय’ पॅकेज : ईसीजीची पट्टी चांगली, फॉर्म अर्धवट

विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये कोविडची लस घेतलेल्यांसाठी ‘लसीनंतरची हृदय तपासणी’ नावाचं पॅकेज मिळतं. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), डी-डायमर (गुठळीची खूण), सीआरपी (सुजेची खूण) आणि वर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉल वगैरे. लॅबचं नाव देत नाही, कारण असलं पॅकेज विकणारी ती एकटी नाही आणि तक्रार तिथल्या माणसांबद्दलही नाही. ईसीजी काढणाऱ्या सिस्टरचा हात चांगला बसलेला आहे. तक्रार आहे काउंटरवरच्या फॉर्मबद्दल. नाव, वय, मोबाइल, शुगर, बीपी, चालू गोळ्या, सगळ्याला रकाना आहे. लस कुठली घेतली आणि कोणत्या तारखेला, याला मात्र नाही.

हे दोन रकाने नसले की पुढचं सगळं अंदाजपंचे. फायझर, मॉडर्ना या एमआरएनए लसींनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मिळ प्रकार २०२१ मध्ये लक्षात आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा इशारा लसीच्या माहितीपत्रकात घातला. हा त्रास मुख्यतः तरुण मुलांना, बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर आणि आठवड्याच्या आत होतो. आपल्याकडे बहुतेकांच्या दंडात गेली ती कोविशील्ड, काहींच्या कोवॅक्सिन. कोविशील्डशी जोडलेला दुर्मिळ त्रास वेगळाच आहे : रक्तात गुठळी आणि जोडीला प्लेटलेट कमी, साधारण ४ ते ४२ दिवसांत. त्यासाठी आधी बघायची ती सीबीसीतली (रक्तपेशींच्या मोजणीतली) प्लेटलेट, दीड लाखाच्या खाली आहे का. पॅकेजमध्ये डी-डायमर आहे, सीबीसी नाही. फोडणी दिली, डाळ टाकायची राहिली.

आता २०२१ च्या डोससाठी इतक्या वर्षांनी डी-डायमर करून काय कळणार? काही नाही. वय, गरोदरपण, जंतुसंसर्ग, ऑपरेशन, पडझडीचा मार, कशानेही तो वाढतो. त्यात एककाचा घोळ. काही मशिन एफईयूमध्ये आकडा देतात, काही डीडीयूमध्ये, आणि पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणजे एफईयूचे ५०० आणि डीडीयूचे २५० जवळपास एकच. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘महिन्यात दुप्पट झालं’ म्हणून घाबरणारे याच घोळात सापडतात. पन्नाशीपुढे एफईयूची मर्यादा वय गुणिले १० धरतात, म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांना ७०० पर्यंत चालतं. या लॅबच्या रिपोर्टवर मात्र सरसकट ५०० च्या वर गेलं की लाल ठळक अक्षर.

ईसीजीला पाचपैकी चार. इथे हातपायांच्या क्लिपा बरोबर लावतात : लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की लीड एक (दोन हातांमधली रेघ) उलटी येते आणि धडधाकट माणसाची पट्टी विचित्र दिसते. छातीवरचे रबरी फुगे लावताना सिस्टर आधी बोटाने छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा चाचपतात. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून दोन फटी खाली उतरलं की चौथी. हाडाच्या उजवीकडे पहिला फुगा (व्ही-१), डावीकडे दुसरा (व्ही-२). घाईत हे दोन वर लावले जातात आणि मग नसलेला जुना झटका पट्टीवर दिसू शकतो. पट्टीवर २५ मिमी प्रति सेकंद आणि १० मिमी प्रति मिलिव्होल्ट असं छापलंय ना, ते बघून घ्या. पंख्याखाली कुडकुडत काढलेल्या पट्टीची रेघ थरथरते, तेवढ्यापुरता पंखा बंद करायला सांगायला लाजू नये.

एक गुण कापला तो मशिनच्या छापील निदानाचा. पट्टीच्या डोक्यावर यंत्राने छापलेलं ‘पेरिकार्डायटिस (हृदयाच्या आवरणाची सूज) असू शकतो’ हे वाक्य डॉक्टरांनी न बघता तसंच हातात देतात. तालमीत घुमणारी, भरतीसाठी रोज धावणारी पोरं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. अशा तरुणांच्या पट्टीत एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ) थोडी उचललेली असणं पुष्कळदा त्यांचं नेहमीचंच असतं. फरक करायचा तर सहाव्या फुग्याच्या रेघेत (व्ही-६) एसटीची उंची तिच्यामागून येणाऱ्या टी-लाटेच्या पाव भागापेक्षा जास्त आहे का आणि उंच टोकाआधीचा पीआरचा भाग खाली दबलाय का, हे बघतात. डोळे वापरणाऱ्या डॉक्टरला दोन मिनिटं लागतात.

ट्रोपोनिनवर खरं पॅकेज उभं राहायला हवं होतं, आणि इथेच ते बसतं. सूज ताजी असताना ट्रोपोनिन चढलेलं सापडतं, काही आठवड्यांनी ते बहुधा उतरलेलं असतं. त्यामुळे छातीत कळ, दम, धडधड सुरू झाल्यावर त्याच दिवशी रक्त द्यायचं आणि सुमारे तीन तासांनी पुन्हा. चढतंय की स्थिर आहे, हे दोन आकड्यांतून कळतं, एकातून नाही. लॅब एकच नमुना घेते. तोही सकाळी उपाशीपोटी, अपॉइंटमेंट घेऊन! उपास लिपिडच्या नावाने, पण छातीत दुखणाऱ्याला ‘उद्या सकाळी काही न खाता या’ असं सांगणं म्हणजे कमाल आहे.

चाचणी कार्डावरची आहे की मशिनवरची, हेही विचारावं. कार्डावर नुसती रेघ उमटते, आकडा नाही. मशिनच्या आकड्याचं एकक पाहावं : ०.०४ एनजी प्रति एमएल म्हणजेच ४० एनजी प्रति लिटर. बिघडलेली किडनी, आदल्या दिवशीची दमछाक करणारी धाव यांनीही ट्रोपोनिन वाढतं, आणि केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसाने काही मशिन चक्क चुकतात. हे फॉर्मवर विचारत नाहीत.

इको ठीकठाक, जास्त बोलण्यासारखं नाही. इतकंच की सौम्य सुजेत इको नॉर्मल येऊ शकतो, नक्की करायला हृदयाचा एमआरआय लागतो, आणि तो हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितला तरच. स्मार्टवॉचची एकपदरी पट्टी ठोके अनियमित आहेत का ते सांगते, सूज किंवा झटका नाही.

मग लोक हे पॅकेज का घेतात? भीतीपोटी. तरुण माणूस अचानक गेल्याची बातमी आली की गर्दी वाढते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातले असे मृत्यू तपासले, २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. कोविडसाठी रुग्णालयात भरती व्हावं लागणं, घरात आधी झालेला अचानक मृत्यू, मृत्यूआधीच्या ४८ तासांतलं अति मद्यपान किंवा जोरकस श्रम, हे धोके मात्र आढळले. हे प्रश्न फॉर्मवर टाकले तरी पॅकेजपेक्षा जास्त हाती लागेल.

लस नुकतीच घेतली असेल तर क्रम असा ठेवा. पहिला अर्धा तास केंद्रावरच बसा. चक्कर येऊन नाडी मंद झाली तर बहुतेकदा घाबरल्याचा परिणाम, आडवं करून पाय वर घेतले की माणूस सावरतो. अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं, नाडी जलद आणि बीपी खाली असेल तर ती अ‍ॅलर्जी, तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिन लागतं, आणि तेही लगेच. तापात ठोके वाढतातच, एका अंश सेल्सिअसला साधारण दहा, तेवढ्याने पळापळ नको. छातीतलं दुखणं, विश्रांतीतही लागणारा दम, ओळीने चुकणारे ठोके किंवा शुद्ध हरपणं असेल तर लॅबचा रस्ता सोडा. १०८ लावा आणि सिव्हिल किंवा मिरजेच्या आपत्कालीन विभागात जा. जत-आटपाडीकडच्यांनी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून मग पुढे निघावं. सूज ठरलीच तर तालीम, धावणं, कबड्डी ३ ते ६ महिने बंद, आणि पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर.

लॅबकडून एक गोष्ट कधीच सांगितली जात नाही : लसीनंतरचा त्रास नोंदवायचा असतो. गावच्या आरोग्यसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ही नोंद घेतात, त्रास गंभीर असेल तर २४ तासांत जिल्ह्याला कळवतात. लसीनेच झालं हे सिद्ध करून जायची गरज नाही, चौकशी जिल्हा समिती करते आणि लसीचा संबंध आहे का ते राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या समित्या ठरवतात. थेट कळवायला १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सोबत लसीचं प्रमाणपत्र न्या, बॅच क्रमांक लागतो. ईसीजीची मूळ पट्टी आपल्याकडेच ठेवा आणि झेरॉक्स द्या. पट्टीचा कागद थर्मल असतो, उजेडात फिका पडतो. आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, गरम रोलरखालून पट्टी काळी कुट्ट होऊन बाहेर येते.