एसईलिनक्स की ॲपआर्मर?
कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं यावर बंधनं घालणाऱ्या लिनक्सच्या या दोन सुरक्षा यंत्रणा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल करताना दोन्ही पर्याय चालू ठेवता येतात, पण बूट होताना एलएसएमच्या (कर्नलच्या सुरक्षा मॉड्यूलच्या) यादीत जे आधी असेल तेच सुरू होतं. यादीत नावच नसेल तर कंपाइल करून उपयोग शून्य.

2003 पासून कर्नलमध्ये असलेलं एसईलिनक्स प्रत्येक फाइलला लेबल (सुरक्षेची खूण) लावतं. चालत्या सिस्टिमवर ते नव्याने सुरू केलं की सगळ्या फाइलींना लेबलं लावत बसा! कंटाळवाणं काम, पण फाइलचं नाव बदललं तरी लेबल तेच राहतं.

ॲपआर्मर (कर्नलमध्ये 2010 पासून) फाइलचा पाथ, म्हणजे फोल्डरसकट पत्ता, बघतं. त्याची प्रोफाइल (नियमांची फाइल) वाचताच समजते. मात्र हार्डलिंकने (त्याच फाइलला दिलेल्या आणखी एका नावाने) दुसरा पाथ मिळाला की नियमही दुसरा.

एक-दोन सेवाच बंदिस्त करायच्या असतील तर मी ॲपआर्मर घेईन. अनेक व्हर्च्युअल मशीन एकमेकांपासून वेगळ्या ठेवायच्या असतील तर एसईलिनक्सच.